वेळेवरची वेळ : मालवणच्या किनाऱ्याची छायाचित्रे

कातळसडा

नमस्कार.

मालवण हे माझे आजोळ. धुरीवाड्यातल्या ज्या घरात माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या, त्याची कौले उतरून आता वर स्लॅब पडला आहे. पण पुढचे खळे तसेच आहे आणि तिथून थोडे चालले की येणारी चिवल्याची वेळही तशीच आहे. घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे वाळूच्या किनाऱ्याला 'वेळ' म्हणतात, त्यामुळे 'तो वेळेवर गेला' या वाक्याचा घड्याळाशी संबंध असेलच असे नाही. छायाचित्रे काढणाऱ्याला मात्र दोन्ही वेळांचा मेळ घालावा लागतो, आणि हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

२००९ मध्ये पहिला डीएसएलआर घेतला तेव्हापासून वर्षातून दोनदा तरी मी मालवणला जातो आणि दर खेपेला त्याच चार-पाच ठिकाणी उभा राहतो : चिवला, रॉक गार्डनचा कातळ, बंदराचा धक्का, दांडीची वेळ, आणि तारकर्लीच्या पुढे जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबागचे टोक. पहिल्या पाच-सहा वर्षांतली हजारो चित्रे माझ्याकडे पडून आहेत आणि त्यांतली दाखवण्याजोगी वीससुद्धा भरणार नाहीत. सूर्य किती वाजून किती मिनिटांनी मावळणार हे मी काटेकोर पाहत असे, त्यावेळी पाणी कुठे असेल हे पाहत नसे. एके दिवशी तिवई (कॅमेऱ्याचा ट्रायपॉड) खांद्यावर टाकून रॉक गार्डनला निघालो, तेव्हा मामाने भिंतीवरच्या कालनिर्णयकडे नुसती मान वळवली आणि म्हणाला, "आज नवमी. सांजचा पाणी भरलेला असतला. थंय जावन काय काढतलस?" मी तरीही गेलो. कातळातल्या ज्या घळींचे चित्र मी मनात धरले होते, त्या सगळ्या पाण्याखाली होत्या आणि लाटांचे तुषार माझ्या चष्म्यापर्यंत येत होते.

मामाचा हिशेब दर्यावर जाणाऱ्या कोणालाही तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, नवमीला नऊ पाऊणे पावणेसात. अमावास्या-पौर्णिमेला भरती मध्यान्हीच्या सुमारास लागते, आणि भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. म्हणजेच अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी सूर्य मावळताना पाणी उतरलेले असते. शिवाय ते उधाणाचे दिवस असल्यामुळे जितके वर चढते तितकेच खालीही जाते आणि भांगाच्या, म्हणजे कमी चढ-उताराच्या, दिवसांत कधी न दिसणारा कातळ उघडा पडतो. ज्या दिनदर्शिकेवर हा सगळा हिशेब चालतो, ती १९७३ मध्ये सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच होते, याचा मामाला अभिमान आहे. जणू भरती-ओहोटीही त्यांनीच सुरू केली.

उजेडाविषयी थोडे. किनाऱ्याचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळचा सूर्य आपल्या पाठीशी, जमिनीकडून येतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा तर तेव्हाच. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचे काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले. त्याचा तट सुमारे तीन किलोमीटर भरतो, आणि तो सरळ न जाता नागमोडी वळणे घेत जातो. सकाळी आठ ते साडेनऊच्या तिरप्या उन्हात प्रत्येक वळणाची सावली शेजारच्या भिंतीवर पडते आणि तटाला घडी आल्यासारखी दिसते. अकरानंतर तोच तट सपाट पट्टी होऊन जातो. महादरवाजा बुरुजांच्या आड इतका बेमालूम दडवलेला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो कळत नाही, म्हणून मोठी लेन्स लावून तो धक्क्यावरून शोधत बसू नये. मी बसलो आहे. संध्याकाळी किल्ल्याची नुसती काळी रेघ उरते. धक्क्यावरून किल्ला नैऋत्येला येतो. जूनमधला सूर्य त्याच्यापासून खूप उजवीकडे, मोकळ्या समुद्रात बुडतो; डिसेंबरच्या अखेरीस तो नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला, म्हणजे किल्ल्याच्या बाजूला सरकलेला असतो.

येत्या मार्गशीर्षाच्या सुरुवातीला चार दिवस जाणार आहे. ज्यांनी या किनाऱ्यावर छायाचित्रे काढली आहेत किंवा जे तिथेच राहतात, त्यांनी भर घालावी आणि चुका दाखवाव्यात.

खाडीकाठ

चूक दाखवा म्हणालात म्हणून लिहितो. पाऊणपटीचा हिशेब मुंबईच्या बाजूला जसा जुळतो तसा आमच्याकडे जुळत नाही. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे मालवणला ती मुंबईच्या मानाने तासभर तरी आधी लागते. तुमच्या मामांनी तो तास मनातल्या मनात वजा केला असणार. आमच्या घरातही कोणी तो बोलून दाखवत नाही. अमावास्येला इथे अकराच्या सुमारास भरती आणि पाच-सव्वापाचला पूर्ण ओहोटी होते. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे अमावास्येला तुम्ही उभे राहाल तेव्हा पाणी परत फिरलेले असेल. भरती रोज पाऊण-पाऊण तास पुढे जाते, हे लक्षात घेतले तर तुम्हाला प्रतिपदा किंवा द्वितीया पाहिजे. द्वितीया धरलीत तर आणखी एक लाभ आहे, तो तिथे गेल्यावर दिसेलच.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. सकाळी जो खडक उघडा पाहिला तो संध्याकाळी उघडा पडेलच अशी खात्री धरून पुढे जाऊ नये. अंदाजापुरती तिथी ठीक आहे. पाऊल टाकण्यापूर्वी मालवणसाठी किंवा जवळच्या बंदरासाठी छापलेला भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा.

तिसरी गोष्ट, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. काही मंडळी जुलैमध्ये मोठाले कॅमेरे घेऊन धक्क्यावर येतात आणि होडीवाल्यांशी वाद घालतात. त्या दिवसांतला समुद्र किनाऱ्यावरूनच पाहावा.

अबोली

धागा आवडला. माझ्याकडे कॅमेरा नाही, फोनच आहे. मागच्या दिवाळीत तारकर्लीला गेलो होतो तेव्हा डोळ्यांना पांढरीशुभ्र दिसणारी वाळू फोटोत राखाडी, मळकी आली आणि सूर्यास्ताचे आकाश मात्र पांढरे पडले. शिवाय रात्रीच्या चित्रांत प्रत्येक दिव्याभोवती धुक्यासारखे वलय आहे. फोन बदलावा लागेल का?

कातळसडा

खाडीकाठ, मनापासून आभार. तो एक तास माझ्या हिशेबातून कायमच निसटत आला आणि मी दर वेळी दोष ढगांना दिला.

अबोलीताई, फोन बदलण्याची गरज नाही. कोणताही कॅमेरा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरतो. चौकटीत बहुतेक उजळ वाळूच असली की तो तिला ओढून राखाडीवर आणतो. वाळूवर बोट टेकवून जी उजेडाची पट्टी येते ती थोडी वर सरकवावी, की वाळू पांढरी येईल. सूर्यास्ताला नेमके उलटे करावे : आकाशाच्या उजळ भागावर बोट टेकवून पट्टी खाली आणावी, पुढची माणसे काळी पडली तर पडू द्यावीत, कारण त्या वेळी डोळ्यांनाही ती तशीच दिसत असतात. आणि दिव्यांभोवतीचे वलय हा खाऱ्या हवेचा प्रताप आहे. अर्धा तास किनाऱ्यावर काढला की काचेवर मिठाचा चिकट थर बसतो, जो उन्हात जाणवत नाही आणि दिवा समोर आला की उघड होतो. शर्टाच्या टोकाने पुसू नये, त्यात वाळूचे कण असतात. आधी फुंकर घालावी, मग किंचित ओलसर मऊ फडक्याने आणि शेवटी कोरड्याने पुसावे.

पुळण

मी तारकर्ली-देवबाग पट्ट्यात बरेच काम केले आहे, म्हणून एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. हल्ली समुद्राचे चित्र म्हटले की भिंगापुढे काळी काच लावून तीस-तीस सेकंद पडदा उघडा ठेवायचा आणि पाण्याचे दूध करायचे, ही रीतच पडून गेली आहे. असे चित्र मालवणचे आहे, केरळचे आहे की आणखी कुठले, हे तळाशी लिहिल्याशिवाय सांगता येत नाही. तारकर्लीच्या लाटेला स्वतःची चाल आहे. उथळ पुळणीवर ती लांबवर पसरते आणि परत जाताना वाळूतल्या प्रत्येक शिंपल्यामागे एक पांढरी रेघ सोडते. ती रेघ पकडायला पाव ते अर्धा सेकंद पुरतो, आणि लाट येताना नव्हे तर मागे फिरल्यावर बटण दाबावे लागते. त्यापुढे गेलात की रेघ पुसली जाते.

देवबागविषयी आणखी एक. आपल्या या किनाऱ्यावर पाण्यापलीकडे उगवणारा आणि पाण्यातच मावळणारा सूर्य सहसा एका जागी मिळत नाही. देवबागला मिळतो, कारण गाव म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांमधली माडांची अरुंद पट्टी आहे. पहाटे साडेसहाला नदीच्या अंगाला उभे राहावे. हिवाळ्यात पाण्यावर धुक्याचा थर असतो आणि पलीकडच्या डोंगरामागून सूर्य वर यायला जो उशीर लागतो तेवढ्या वेळात निळ्यापासून केशरीपर्यंतचे सगळे रंग होऊन जातात. समुद्राच्या अंगाला मात्र आता जागोजाग दगडांचे बंधारे आहेत, कारण लाटा जमीन खात आहेत. पुष्कळ जण ते दगड चौकटीबाहेर ठेवतात. मीही पूर्वी ठेवत असे. आता मुद्दाम घेतो. ते वगळले तर ते चित्र देवबागचे होत नाही.

कातळसडा

तारकर्लीपुरते आपले म्हणणे मान्य. रॉक गार्डनच्या कातळावर मात्र दिवेलागणीनंतर सात-आठ सेकंदांचा वेळ मला योग्य वाटतो. तिथे पाणी घळीत शिरते, वर चढते आणि चारी बाजूंनी गळत खाली येते, ती हालचाल कमी वेळात समजतच नाही. तीस सेकंदांची मलाही चीड आहे. २०१२ ते २०१५ या काळातली माझी सगळी चित्रे त्याच दुधात बुडालेली आहेत.

महिन्यांविषयी कोणी विचारण्याआधीच लिहून ठेवतो. पर्यटक डिसेंबरमध्ये येतात, पण क्षितिज स्वच्छ हवे असेल तर पाऊस ओसरल्यावरचे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे दिवस धरावेत. तेव्हा हवा धुऊन निघालेली असते आणि सूर्य थेट पाण्याला टेकताना दिसतो. जानेवारी-फेब्रुवारीत क्षितिजाशी धुरकट पट्टा साचतो आणि त्यात सूर्य पाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच विरून जातो.

पावसाळ्याचेही एक चित्र आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वेळेवर ओढून घेतलेल्या, त्यांवर माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे घातलेली, आणि वर धो धो पाऊस. रंग जवळजवळ नसतोच, फक्त ओल्या लाकडाचा काळा आणि झापांचा पिवळट. मग नारळी पौर्णिमेला बंदरावर सगळे शहर लोटते, दर्याला नारळ वाहिला जातो, नारळ लढवले जातात. पौर्णिमा असल्यामुळे संध्याकाळी पाणी मागे हटलेले असते आणि गर्दीला उभे राहायला वाळूची रुंद पट्टी मिळते. तिथी ठरवणाऱ्यांनी हाही विचार केला असेल का, असे मनात येऊन जाते.

उलांडी

देवबागच्या टोकाचा अनुभव लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी कॅमेरा वाचेल. ओल्या वाळूत तिवई रोवली, पाय घट्ट बसले, मी निर्धास्त झालो. परत जाणारी लाट तिवईच्या पायांभोवतालची वाळू कोरून नेते हे माझ्या लक्षातच आले नाही. चौथ्या-पाचव्या लाटेला एक पाय चार बोटे खाली गेला आणि कॅमेरा तोंडावर पाण्यात पडला. मी तो दोन-तीन सेकंदांत उचलला, पण मग जी चूक केली ती खरी महागात पडली : चालतो का ते पाहायला लगेच सुरू केला. आत खारे पाणी असताना वीज फिरली की गंज धरायला वेळ लागत नाही. बॅटरी आणि कार्ड आधी काढायला हवे होते.

मुंबईतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात तो दिला. आतला बोर्ड बदलला म्हणून भरपूर पैसे घेतले आणि तीन महिन्यांत कॅमेरा पुन्हा बंद पडला. दुसरीकडे उघडून पाहिला तेव्हा बोर्ड जुनाच, वर हिरवट गंज चढलेला. तेव्हापासून बदललेला जुना भाग हातात घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही.

आता तिवई रोवताना पाय वाळूत हलवून हलवून वीतभर आत घालतो आणि दर दोन लाटांनंतर तिवई कलली का ते दाखवणारा बुडबुडा पाहतो. घरी आल्यावर तिवईचे सांधे उघडून गोड्या पाण्याने धुतो. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर दव धरते, आणि ते पुसण्याच्या नादात सूर्योदय निघून जातो. म्हणून पिशवी बंद ठेवूनच अर्धा तास आधी बाहेर अंगणात नेऊन ठेवतो.

अबोली

ड्रोनविषयी कोणी लिहिले नाही. आमच्या नात्यातला एक मुलगा किल्ल्यावरून उडवायचे म्हणतो आहे.

खाडीकाठ

त्याला म्हणावे, आधी परवानगी, मग ड्रोन. किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत तोही आहे. सभोवारचे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात मोडते. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे कुठे उडवता येते याचा सरकारी नकाशा आहे, तो पाहावा.

याच ओघात रापणीविषयी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याविषयी लिहितो, कारण छायाचित्रकारांबद्दलची आमची खरी तक्रार तिथली आहे. होडी अर्धवर्तुळात जाळे टाकत जाते आणि त्याचे दुसरे टोक किनाऱ्यावर आणून देते. मग दोन्ही टोकांच्या दोरांवर दोन तुकड्या उभ्या राहतात आणि ओढता ओढता एकमेकींच्या जवळ येत जातात. तास-दीड तास हे चालते. शेवटच्या पंधरा मिनिटांत जाळ्याचा घेर लहान झाला की मासळी उसळू लागते, वर कुरव आणि घारी घिरट्या घालतात, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी चांगला कोन मिळावा म्हणून दोन दोरांच्या मधे, पाण्यात येऊन उभा राहतो. मासळी त्या बाजूने बिथरते आणि ओढणाऱ्यांचा पायही अडतो. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात आणि दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा त्यात हिस्सा असतो. आपल्या पायी कोणाच्या वाट्याचे किती बांगडे निसटले याचा हिशेब त्या माणसाला कोण सांगणार? सोबत मासे निवडणाऱ्या बायकांच्या तोंडासमोर लेन्स धरायची, हेही आहेच. त्या कामावर आलेल्या असतात.

कातळसडा

यातला तो कोणीतरी एकदा मीही होतो. दांडीला २०११ च्या मे महिन्यात असाच मधे उभा होतो, तेव्हा डोक्याला पंचा गुंडाळलेल्या एका म्हाताऱ्या खारव्याने दोर न सोडता मला सुनावले, "आधी दोराक हात लाव, मगे फोटो काढ." कॅमेरा त्यांच्या नातवाच्या गळ्यात अडकवून मी दोर धरला. ओल्या दोराला वाळू चिकटलेली असते आणि तो हातातून सरकला की तळव्याची साल निघते, हे दोर न धरता समजण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवशी मी दोरांच्या मागून, ओढणाऱ्यांच्या पाठी चौकटीत घेऊन चित्रे काढली, आणि आजवर काढलेल्या रापणीच्या चित्रांत तीच बरी आहेत. पाठीवरचे ताण दिसतात, चेहऱ्यांची गरज पडत नाही. नातवाने काढलेल्या चित्रात मी तोंड वाकडे करून दोर ओढतो आहे. वाट्याला आलेले चार बांगडे मामीने भाजले.

सुरंगी

दोह्याहून लिहिते आहे. माझे माहेर मालवणच्या मेढ्यात आहे. बाबा शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्याकडे एक साधा कॅमेरा होता, ज्यात ते वर्षाला फिल्मचे एक-दोन रोल घालत असत. त्यांनी काढलेला एक कृष्णधवल फोटो आमच्या माजघरात काचेच्या चौकटीत आहे, त्याची भावाने पाठवलेली प्रत इथे जोडते आहे. दांडीच्या वेळेवर उलांडी (तोल सावरणारे बाजूचे लाकूड) बांधलेली एक होडी, तिच्या काठावर मी बसलेली, तीन-चार वर्षांची, आणि मागे किल्ला. कोणत्या साली काढला हे घरात कोणालाच नक्की आठवत नाही. बाबा गेले त्याला आता नऊ वर्षे झाली.

मालवणातल्याच राजकोट किल्ल्यावर उभारलेल्या शिवरायांच्या पुतळ्यामुळे बंदराकडचे दृश्य आता बदलले आहे आणि मी सुट्टीत जाते तेव्हा आधी डोळे तिकडेच जातात. म्हणून त्या फोटोतली बाजू अजून तशीच दिसते का, हे पाहायची फार इच्छा आहे. कातळसडादादा, आपण जाणारच आहात तर त्याच जागेवरून एक चित्र काढाल का?

कातळसडा

सुरंगीताई, जरूर. जागा शोधण्याची एक रीत आहे. आपल्या बाबांच्या फोटोत होडीच्या मागे, उजव्या हाताला पाण्यातून वर आलेला जो खडक आहे, तो किल्ल्याच्या एका बुरुजाच्या बरोबर खाली येतो. वेळेवरून चालत जाताना तो खडक आणि तो बुरूज पुन्हा एका रेषेत आले की आपण त्यांच्या रेषेवर पोहोचलो. मग पुढे-मागे होऊन किल्ल्याची लांबी जुळवायची. ती प्रत मी मोठी करून छापून सोबत नेणार आहे.

खाडीकाठ

फोटो मी पाहिला. साल सांगता येणार नाही, पण तिथीचा अंदाज बांधता येतो. होडीची सावली फोटो काढणाऱ्याच्या दिशेने, म्हणजे जमिनीकडे आली आहे आणि लांब आहे. त्यावरून वेळ संध्याकाळची. होडी पूर्ण कोरड्यात कलंडली आहे, नांगराचा दोर वाळूवर ढिला पडला आहे, आणि कातळसडा ज्या खडकाविषयी बोलत आहेत तो एरवी डोक्यापुरता दिसतो, तो इथे बुडापर्यंत उघडा आहे. एवढी ओहोटी संध्याकाळच्या उन्हात म्हणजे उधाणाचे दिवस. अमावास्या किंवा पौर्णिमा, किंवा मागेपुढे एखादा दिवस. शिवाय ताईंच्या अंगात स्वेटर नाही पण डोक्याला कानटोपी आहे. आमच्या आया कानटोपी दिवाळीनंतर बाहेर काढत.

कातळसडा

काल परतलो. लांबण न लावता लिहितो.

प्रतिपदेला रॉक गार्डन. पावणेसहाला पाणी पूर्ण उतरले होते आणि ज्या घळींसाठी मी त्या नवमीला भिजलो होतो त्यांच्या तळापर्यंत जाता आले. तळाशी शेवाळ होते, त्यावरून एकदा घसरलो, कोपर खरचटले, कॅमेरा वर धरला होता तो वाचला. डबक्यांतल्या जिवंत गोष्टींवर पाय पडू नये म्हणून खाली पाहत चालावे लागते, त्यामुळे सूर्य मावळल्याचे मला उजेड बदलल्यावरच कळले. आठ सेकंदांची तीन चित्रे पदरात पडली.

द्वितीयेला दांडी. छापलेली प्रत हातात धरून साडेचारपासून मी वेळेवर येरझाऱ्या घालत होतो. जलक्रीडांच्या होड्यांची गर्दी इतकी की खडक दिसायलाच वेळ लागला. खडक आणि बुरूज एका रेषेत आले ती जागा सापडली, पण किल्ल्याची लांबी काही केल्या जुळेना. मी मागे जात होतो, आणि जायला हवे होते पुढे. पाणी उतरत गेले तसतसा मी एकेक पाऊल पुढे सरकलो, आणि सहा वाजायच्या सुमारास, ओल्या वाळूत घोट्यापर्यंत पाणी असताना, छापील तट आणि समोरचा तट एकमेकांवर बसले. बाबा तिथे उभे होते. भरतीच्या वेळी त्या जागेवर पुरुषभर नसले तरी छातीइतके पाणी असते, त्यामुळे खाडीकाठ म्हणाले ते खरे असले पाहिजे. आता समोर उलांडीची होडी नाही. तिच्या जागी फायबरची, निळ्या रंगाची एक होडी होती, तिच्या मालकाला विचारून ती चौकटीत घेतली. किल्ला तसाच आहे. त्यावरच्या माडांची उंची मात्र जुळत नाही.

खाडीकाठ, आपण सांगितलेला तो लाभही मिळाला. सूर्य गेल्यावर तिवई आवरत होतो, तेव्हा किल्ल्याच्या वर द्वितीयेची कोर दिसू लागली आणि पाणी नुकतेच उतरून गेलेल्या, आरशासारख्या वाळूत तिचे प्रतिबिंब पडले. पाव सेकंद, हात न लावता. पुळण यांनाही ते चित्र आवडेल असे वाटते. रॉक गार्डन, दांडी आणि कोर, अशी तीन चित्रे जोडली आहेत.

पुळण

आवडले. क्षितिज किंचित डावीकडे कलले आहे, तेवढे सरळ करावे.

सुरंगी

दादा, आपले चित्र पाहून मी भावाला फोन केला आणि बाबांचा फोटो चौकटीतून बाहेर काढायला सांगितले. आजवर कोणी तो काढला नव्हता. मागचा पुठ्ठा खिळ्यांनी ठोकलेला होता आणि खिळे गंजून गेले होते. मागच्या बाजूला बाबांच्या अक्षरात शाईने लिहिले आहे : 'दांडी. त्रिपुरी पौर्णिमा, १९८१. पाणी खूप आत.'